फळी धरायला मानसी

कमलचं नाव काढू नका माझ्यासमोर. मालाडला आमची दारं समोरासमोर, वीस वर्षांची मैत्री, म्हणून बोलतेय. नाहीतर त्या तायक्वांदोचं नाव ऐकलं तरी माझ्या अंगाची लाही होते.

ही कमल पहिल्यापासून गरीब गाय. लॅबमध्ये दिवसभर उभं राहून लोकांचं रक्त काढायचं, संध्याकाळी कंबर धरून घरी यायचं, रात्री छताकडे बघत पडायचं. कोणी काही बोललं की डोळ्यांत पाणी. मग मी होतेच! तिच्या सासूशी मी भांडले, रेशनवाल्याशी मी भांडले. "नंदा आहे ना," असं ती सगळ्यांना सांगायची. ते ऐकायला मला किती आवडायचं, काय सांगू!

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, व्यायाम कर. बाई फार तर चालायला जाईल असं मला वाटलं, तर ही थेट शाळेच्या हॉलमध्ये, पंचेचाळिशीत, तायक्वांदोच्या क्लासात लाथा मारायला! मी पोट धरून हसले. मग हळूहळू हसू आटलं. तिची कंबर दुखायची थांबली. पडल्या पडल्या झोप लागायला लागली. लिफ्ट बंद पडली की मी चौथ्या मजल्यावर धापा टाकतेय आणि ही पुढे गप्पा मारत सातव्यावर! वर म्हणते, "तू पण चल ना गं." मी कशाला जातेय? माझा जीव नुसता जळायचा.

मग शेजारच्या चंद्रप्रकाशने तिच्या दारासमोर सिमेंटच्या गोण्या टाकल्या. मी पदर खोचून निघालेच, तर कमल म्हणाली, "नंदा, थांब. मी बोलते." सरळ उभी राहिली, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "दादा, संध्याकाळपर्यंत उचला हे." आवाजसुद्धा चढवला नाही. त्याने दुपारीच उचलल्या. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला जेवण गेलं नाही.

गेल्या रविवारी तिची क्लासमधली वरच्या रंगाच्या पट्ट्याची परीक्षा होती. लाथेने फळी फोडायची, आणि ती समोर धरायला आपल्या भरवशाचं माणूस निवडायचं. मी नवी साडी नेसून गेले. माझ्याशिवाय कोण असणार? तर हिने हाक मारली क्लासमधल्या मानसीला! कालची ओळख ती!

मी कमलला तिथेच गाठलं. "का गं? माझे हात काय झडले होते?"

"रागावू नकोस," कमल म्हणाली. "तू पुढे असलीस की माझ्यावर काही करायची वेळच येत नाही. आज मला करायचंय."

मी मागे जाऊन बसले. पहिली लाथ बसली, फळी तशीच. तिचा पाय लाल झालेला दिसला आणि मी खुर्चीतून उठलेच. परीक्षा घेणाऱ्या त्या सरांना सुनवायला शब्द तोंडात तयार होते. तिने वळून बघितलं नाही. श्वास घेतला, पाय मागे घेतला. मी खाली बसले.

फळी फुटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, "तुमची कोण?"

"मैत्रीण. वीस वर्षं हिच्यासाठी मी भांडलेय."

"काहीतरीच काय!" बाई हसल्या. "हिला कशाला कोण लागतंय?"