तुरटी घातलेला समुद्र

सरांनी भूशास्त्राच्या प्रबंधासाठी मला तीन बाटल्या दिल्या तेव्हा वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बरोबर आहे. मुलींना डोंगरात कुठे पाठवायचं? त्यापेक्षा बाटलीतला समुद्र बरा." सगळे हसले. मीही थोडी हसले. अशा वेळी हसलं नाही तर लोक बघत राहतात.

बाटल्यांत करड्या रंगाचा गाळ होता, प्रत्येकीत तीन-चार चमचे. अंटार्क्टिकाच्या अलीकडच्या समुद्रात एका परदेशी जहाजाने तळाशी लांब नळी खुपसून चिखलाचा उभा खांब वर काढला होता. त्यातले वरचा, मधला आणि खालचा असे तीन तुकडे सरांच्या ओळखीने पुण्यापर्यंत आले होते. वरचा अलीकडचा, खालचा फार जुना. अशा गाळात समुद्रातल्या बारीक जिवांची चुन्याची कवचं असतात, खसखशीहून लहान. काही जाती थंड पाण्यात राहतात, काही त्याहून जरा उबदार पाण्यात. कोणत्या थरात कोणती कवचं जास्त हे मोजलं की तो समुद्र कधी किती थंड होता याचा अंदाज येतो. माझा प्रबंध एवढाच होता. पण दुसरा गाळ मिळणार नव्हता. हा वाया गेला तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं की माझ्या शिक्षणाचा विषय घरात पुन्हा निघाला नसता. वडील तसं कधी म्हणाले नव्हते. आमच्या घरात न बोललेल्या गोष्टीच जास्त पक्क्या असत.

मे महिन्यात वसतिगृह बंद झालं. सरांनी बाटल्या, एक बारीक चाळणी आणि लाकडी पेटीतला जुना सूक्ष्मदर्शक देऊन मला घरी पाठवलं. गाळ पाण्यात भिजवायचा, मोकळा झाला की चाळणीवर धुवायचा आणि उरलेलं वाळवून बघायचं, असं काम होतं.

वडील देवळाली प्रवराजवळच्या साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. तो बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. ऊस नव्हता, त्यामुळे चिमणीतून धूर नव्हता. पाणी टँकरने यायचं, तेही चहासारखं. प्रत्येक घरात हंडा भरला की त्यात तुरटी फिरवत, गाळ खाली बसला की वरचं पाणी प्यायला घेत. काष्टीकडची आत्या, वडिलांची थोरली बहीण, तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. तिकडच्या विहिरी आटल्या होत्या आणि वर्षभर ती रस्त्याच्या कामावर खडी फोडून थकली होती. आमच्याकडे आल्यावर पाण्याचं खातं तिने आईकडून आपल्याकडे घेतलं. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं कढीपत्त्याला. थेंब वाया जात नसे.

आमच्या हंड्यातलं पाणी माझ्या कामाचं नव्हतं. तुरटीने पाणी आंबट होतं आणि आंबट पाण्यात चुना विरघळतो. म्हणून वडिलांनी कारखान्यातून बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणून दिलं. लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या स्वच्छ घासून मी त्यांत गाळ भिजवला, त्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि मागच्या ओट्यावर ठेवल्या. ह्यांना कुणी हात लावू नका, असं सगळ्यांना सांगितलं.

सकाळी बघते तर तिन्ही बरण्यांत पाणी अर्ध्यावर आलेलं. जे होतं ते अगदी नितळ. खाली गाळ, आणि गाळावर पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर. असा थर मी रोज हंड्याच्या तळाशी बघत होते.

"आत्या, ह्यात काही घातलं का?"

"तुरटी." ती पोह्यांसाठी कांदा चिरत होती. "काल सांजच्यापारी बघितलं, तुझं पानी लई गढूळ हुतं. म्हटलं पोर कवा धुनार आन् कवा बघनार."

"हात लावू नका म्हटलं होतं ना मी."

"हात कुठं लावला गं? वरून खडा सोडला."

"आणि वरचं पाणी?"

"कढीपत्त्याला घातलं. टाकून द्यायचं व्हय?"

आई स्टोव्हपाशी उभी होती. माझ्याकडे बघून तिने वात बारीक केली. वडील आतून निळा लिटमस कागद घेऊन आले. एकेका बरणीत बुडवला. तिन्ही वेळा लाल झाला. मी गाळाचा कण बशीत घेऊन त्यावर आम्लाचा थेंब टाकला. चुना असता तर फसफसलं असतं. थेंब नुसता पसरला.

"अक्का," वडील एवढंच म्हणाले.

"काय झालं? सांगा तरी."

मला सांगायला जमेना. शाळा नगरच्या मिशनरी बायांची, मग कॉलेज. हे सगळं मी इंग्रजीतच शिकले होते. शेवटी म्हटलं, "आत्या, ह्या चिखलात बारीक शिंपले होते. ते मोजायचे होते. तुरटीने ते विरघळले."

तिने विळी बाजूला केली. "समदे?"

"सगळे."

"मग ह्या पोरीचं वरीस?" तिने वडिलांना विचारलं. वडील लाल झालेले कागद गोळा करू लागले. त्या दिवशी आत्या जेवली नाही. तिची समजूत घालायला गेले तर म्हणाली, "जा तिकडं. तुझंच तोंड उतरलंय, माझी काय समजूत घालतीस."

तरी दुसऱ्या दिवशी मी एकेका बरणीतला उरलेला गाळ वेगवेगळा चाळणीवर धुतला. का, ते सांगता येणार नाही. काम हातात घेतलेलं होतं आणि नुसतं बसवत नव्हतं. दर वेळी चाळणीवर चिमूटभर वाळू राहिली. ती उन्हात वाळवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

कवच एकही नव्हतं. होते ते दगडाचे कण: काचेसारखे पारदर्शक, काही गुलाबी, काही काळे, कोपरे तुटके, लहानमोठे एकत्र. सरांनी हे कण बाजूला काढून ठेवायला सांगितलं होतं. आता बाजूला काढायला दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून मी त्यांच्याकडेच बघत बसले. मग लक्षात आलं की मधल्या थराच्या बरणीत ते कितीतरी जास्त होते.

किनाऱ्यापासून इतक्या दूर, खोल तळाशी, वाळू वाहत येत नाही. तिथे पाण्याबरोबर येतो तो मऊ गाळ. दगडाचे कण येतात हिमनगातून. बर्फ जमिनीवरून सरकताना दगड खरवडून पोटात घेतो, तुटून समुद्रात तरंगत जातो आणि वितळेल तिथे ते सोडून देतो. ज्या थरात असे कण जास्त, त्या काळात हिमनग तिथपर्यंत जास्त येत होते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. आपल्या चाळणीवर बघितलं नव्हतं.

आत्या मागे येऊन उभी राहिली. मी तिला भिंगातून बघायला दिलं आणि हे सगळं सांगितलं.

"बर्फ दगूड वाहून नेतो?"

"हो."

"किती लांब?"

"नगरहून दिल्लीपेक्षाही लांब."

"आन् मजुरी?" तिने डोळा न काढता विचारलं. "आमच्या मुकादमाला सांग. त्यो आमाला शंभर पावलं न्यायला लावून पाटी हलकी हाय म्हनतो."

वडील पेपरमागे हसले. दोन दिवसांत घरात पहिल्यांदा कुणी हसलं.

जूनमध्ये मी सरांपुढे त्या कणांच्या तीन पुड्या ठेवल्या आणि घडलं ते सांगितलं. कवचं गेली हे ऐकून त्यांनी सूक्ष्मदर्शक पुढे ओढला. मग कण बघितले. एक पुडी, दुसरी, तिसरी, आणि पुन्हा दुसरी.

"तुरटी तिन्हींत सारखीच होती?"

"हो."

"कशावरून? एकीत जास्त पडली असेल तर तिच्यातला चुना सगळा गेला, दुसरीत थोडा राहिला. मग ह्या तुलनेला अर्थ नाही. कुणी मोजून घातली होती?"

"आत्याने. अंदाजाने."

"अंदाजावर प्रबंध होत नाही," सर म्हणाले. "दाखवता आलं तर बघू."

त्या शनिवारी मी एस.टी.ने घरी गेले. वडिलांनी आत्याला कारखान्याच्या प्रयोगशाळेत नेलं. चपला बाहेर काढून, पदर डोक्यावर घेऊन ती आत आली. मी तुरटीचा मोठा खडा आणि अडकित्ता तिच्यापुढे ठेवला.

"त्या दिवशी तोडले तसे तोडा. बरणीला एक."

"ह्या वयात मला परीक्षेला बसवता व्हय?" ती म्हणाली, पण बसली. खडा हातात फिरवून बघितला, अडकित्ता लावला, तुकडा तोडला. तो तळहातावर धरूनच दुसरा तोडला, मग तिसरा. तिसऱ्याची एक कपची काढून टाकली. "घरात तीन पोरं हुती माझी. गुळाचा खडा एकाला मोठा गेला की दिवसभर रडारड."

वडिलांनी काचेच्या पेटीतल्या तराजूत एकेक तुकडा ठेवला. काटा हलायचा थांबेपर्यंत आम्ही तिघंही वाकून बघत होतो. तीन आकडे आले. मी ते लिहून घेतले आणि परत एकदा वजन करायला सांगितलं. परत तेच आले. तुकड्यातुकड्यांत फरक होता तो चिमटीभर मिठाएवढासुद्धा नव्हता.

सरांनी आकडे बघितले, मग प्रत्येक पुडीतले थोडे कण घेऊन स्वतः आम्ल टाकून बघितलं. कुठेच फसफसलं नाही. "मोजायला लागा," ते म्हणाले.

प्रबंधाचा विषय बदलला. कवचांऐवजी हिमनगाचे कण. पद्धतीच्या प्रकरणात मी लिहिलं की तिन्ही नमुन्यांतला चुना समान वजनाच्या तुरटीने काढून टाकला. परीक्षकांनी त्यावर काही विचारलं नाही. वर्ष वाचलं.

मी निकाल सांगितला तेव्हा आत्या काष्टीला परत जायची बांधाबांध करत होती.

"पास केलं?"

"हो."

"आन् माझं?"

"तुमचंही."

"मग ऱ्हायलेली तुरटी दे हिकडं," ती म्हणाली आणि खडा गाठोड्यात टाकला.