दिघीच्या बोटीतली बाई

आई आधीच गेली होती आणि बाबा मृत्युपत्र न करता गेले. वारस मी आणि धाकटा भाऊ, आणखी कोणी नाही, असं शपथेवर लिहून द्यायला मी म्हसळ्याला निघालो होतो. आगरदांड्याला दिघीची फेरीबोट पकडली.

समोरच्या बाकावर साठीची एक बाई शेजारणीशी बोलत होती. बोलण्याआधी ती कानाची पाळी चोळायची, अगदी बाबांसारखी. मग ती हसली. हसताना बाबांचा डावा डोळा आधी मिटायचा, तसाच तिचाही मिटला.

माझी नजर तिला कळली. जवळ येऊन तिने हळूच विचारलं, "जाताना त्यांना लय तरास न्हाय ना झाला?"

मी कोण, हे मी बोटीत कुणालाच सांगितलं नव्हतं. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"वाटा नको मला," ती म्हणाली. "पन आमी दोघंच, असं नको सांगूस."

बोट धक्क्याला लागली. उतरणाऱ्यांच्या गर्दीत ती मला पुन्हा दिसली नाही.

कचेरीत कारकुनाने विचारलं, "वारस किती?"

"तीन."

"तिसऱ्याचं नाव?"

"बहीण आहे. नाव मला माहीत नाही," मी म्हणालो, "पण ती आहे."