बंद टीव्ही बघणारा माणूस

माझ्या ताईचा नवरा काचेच्या कारखान्यात तपासनीस आहे. भट्टीतून निघालेली काच उभ्या दिव्यासमोरून सरकत जाते आणि हा गृहस्थ स्टुलावर बसून तिच्यात खोट शोधतो. बुडबुडा, चरा, लाट, काहीही दिसलं की पिवळ्या मेणखडूने त्याभोवती गोल काढायचा आणि काच परत भट्टीत पाठवायची. एकतीस वर्षं हाच उद्योग. कारखान्यात त्यांना 'बुडबुडे' म्हणतात, अगदी तोंडावर. मी दाजी म्हणते, कारण म्हणावं लागतं.

मी स्वतः भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसते, तेव्हा असली माणसं मला दारातून आत येतानाच ओळखू येतात. पातेलं उलटं करणार, बुडावर टिचकी मारणार, काठावरून नख फिरवणार, माळ्यावरचं दुसरं काढायला लावणार आणि शेवटी 'बघून येतो' म्हणून जे जाणार ते जाणारच. दाजी या सगळ्यांचे मुकुटमणी. त्यांच्या घरात दोनच खुर्च्या आहेत, कारण तिसरी अजून पसंत पडलेली नाही. ताईच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली.

त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट विनातक्रार पास केली, ती म्हणजे स्वतःची मिशी. नाकाखालून जी सुटते ती खालचा ओठही झाकून टाकते. चहा प्यायले की अर्धा तिलाच. बोलणंही त्या झुडपाच्या आतूनच चालतं आणि तेही मोजून पाच वाक्यांचं. सकाळी 'चहा', मग 'डबा', मग 'येतो', संध्याकाळी 'काय आहे जेवायला' आणि झोपताना 'दार लाव'. सहावं वाक्य मी ऐकलेलं नाही. एवढ्यावर संसार झाला, याचं श्रेय माझ्या बहिणीच्या सहनशक्तीला द्यायचं की तिच्या बावळटपणाला, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

आता मुद्द्याचं सांगते. गेल्या वर्षी ताईचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. मीच तिला दवाखान्यात घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले, डावा संपल्यात जमा आहे आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. यंत्राने थोडाफार फरक पडेल, पण फार आशा ठेवू नका. ताईने यंत्राला साफ नकार दिला, कारण ते दिसलं असतं. आणि दवाखान्याच्या पायरीवर माझा हात घट्ट धरून म्हणाली, "ह्यांना सांगू नकोस. खोट निघाली की ते परत पाठवतात."

मी म्हटलं, अगं, तू काय काच आहेस का? पण तिच्या डोळ्यांत खरंच भीती होती. ज्या माणसाला सव्वीस वर्षं डबा भरून दिला, त्याची भीती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिला शब्द दिला आणि मूग गिळून बसले.

तुम्ही म्हणाल, एका घरात राहून नवऱ्याला कळलं कसं नाही? पाच वाक्यांना कान लागतात कशाला? साडेसहा वाजले की चहा, पावणेआठला डबा. ताई घड्याळ बघून उत्तरं द्यायची आणि ती बरोबर यायची. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही म्हणून समोर उभी राहून ती वर उचलली जाताना डोळ्यांनी मोजायची. माझं बोलणं तिला ओठांवरून कळायला लागलं होतं, कारण मी तोंड उघडून बोलते. दाजींचं तोंड कुठे आहे हेच मुळात कोणाला ठाऊक नाही. शेजारणी, दुकानदार, फोन, सगळ्यांपासून ती एकेक पाऊल मागे सरत गेली आणि या तपासनिसाला, ज्याला काचेतला मोहरीएवढा बुडबुडा चार हातांवरून दिसतो, त्याला घरातलं हे एवढं दिसलं नाही.

तिला उरला होता तो टीव्ही. सिनेमांना, मालिकांना खाली अक्षरं येतात ती वाचायची, बोलणाऱ्यांचे ओठ बघायचे आणि संध्याकाळ काढायची. पण घरातला टीव्ही म्हणजे जुनं खोकं. त्यावर ती अक्षरं मुंग्यांची रांग वाटायची आणि माणसांच्या तोंडाच्या जागी नुसता डाग. म्हणून ताईने तोंड उघडलं. मोठा नको, महागडा नको, स्वस्तातला बत्तीस इंची एचडी टीव्ही मिळतो तो घेऊ या, म्हणाली. चित्र स्वच्छ दिसतं म्हणे.

झालं. दाजींनी वही काढली.

पहिले दोन महिने नुसत्या मोजमापात गेले. खुर्चीपासून भिंत आठ फूट. स्वस्त टीव्हीत ठिपके कमी असतात, महागात जास्त असतात, मग आठ फुटांवरून तो फरक डोळ्याला कळतो का, याचा त्यांनी कीस पाडला. कागदावर बारीक रेघा मारून भिंतीला चिकटवल्या आणि रोज खुर्ची बोटभर मागेपुढे करून बघत बसले. शेवटी निकाल लागला की आठ फुटांवरून काही फरक कळत नाही, स्वस्तातला चालेल. हे दुकानातल्या पोऱ्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण दुसऱ्याच्या अकलेवर विश्वास ठेवला तर ते दाजी कसले.

मग दर रविवारी टीव्हीच्या दुकानाच्या वाऱ्या सुरू झाल्या. ताई बरोबर जायची आणि येऊन मला सगळं सांगायची. पहिल्याच दिवशी दाजींनी विक्रेत्याला टीव्ही बंद करायला लावला. खिशातून बॅटरी काढली, तिचा झोत काचेवर तिरका सोडला आणि नाक टेकवून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरकत गेले. विक्रेता बिचारा म्हणाला, "साहेब, टीव्ही चालू करून बघतात." दाजी पुढच्या कोपऱ्याकडे सरकले.

नंतर चालू केला, तर पांढरा पडदा लावायला सांगितला आणि त्यात एक काळा ठिपका शोधून काढला. डावीकडे, मध्याच्या जरा वर. पडदा तेवढ्या जागी उजळतच नव्हता. विक्रेत्याला तो दिसायला तीन मिनिटं लागली. दाजींनी सवयीने खिशातला मेणखडू काढला आणि दुकानाच्या नव्याकोऱ्या टीव्हीवर गोल काढून मोकळे झाले. विक्रेता बाहीने पुसतोय, मेण फासलं जातंय, मालक गल्ल्यावरून उठून आलाय आणि दाजी दाराबाहेर. असल्या गिऱ्हाइकाला मी पातेलं फेकून मारलं असतं.

तिथून पुढे 'बॅटरीवाले काका आले' म्हटलं की दुकानातली पोरं आत पळायची. दुसऱ्या टीव्हीची कड एका बाजूला जाड निघाली. तिसऱ्याच्या कोपऱ्यातून उजेड झिरपत होता. चौथ्यात काहीच सापडेना, तेव्हा माणूस घाबरला असणार, कारण आता घ्यावा लागला असता. म्हणून त्यांनी आवाज वाढवून बघितला आणि घरी येऊन वहीत कायमचा निकाल लिहिला: स्वस्त टीव्हीचा आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा असतो, सबब घेण्यालायक नाही.

आवाज. माझ्या बहिणीसाठी घ्यायचा टीव्ही यांनी आवाजावरून नापास केला. ताईने मला ते पान दाखवलं तेव्हा हसावं की त्यांच्या डोक्यात वही घालावी, कळेना. ताई मात्र हसली नाही. टीव्हीचा विषयच तिने सोडला. संध्याकाळी खोक्यासमोर बसायची, डोळे बारीक करायची आणि थोड्या वेळाने तेही सोडून भिंतीकडे बघत राहायची. माझ्याशीही बोलेनाशी झाली. आधी माझ्या ओठांकडे बघायची, आता मांडीवरच्या हातांकडे. तेव्हा मात्र मी ठरवलं, शब्द गेला खड्ड्यात, या रविवारी दुकानात भर गर्दीत या माणसाला सुनावायचं.

त्या रविवारी मीच दोघांना ओढून दुकानात नेलं. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते, एकाहून एक जहाल. दारातच तो पहिला टीव्ही दिसला. तोच, काळ्या ठिपक्याचा. सात महिने कोणी घेतला नव्हता म्हणून किंमत उतरवून पुढे मांडला होता आणि काचेवर मेणाचा पिवळट गोल अजून पुसट दिसत होता. त्यावर कुठलासा सिनेमा चालू होता आणि खाली अक्षरं येत होती, ठसठशीत, काळ्या पट्टीवर पांढरी.

ताई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि वाचायला लागली. ओठ हलत होते. कितीतरी महिन्यांनी मी तिचा चेहरा असा मोकळा बघितला.

दाजींना त्याचं काय. त्यांनी रिमोट उचलला आणि आवाजाची खोड दाखवायला तो वाढवत नेला. खरंच पत्र्याचा डबा. दुकानातल्या सगळ्यांनी माना वळवल्या, एका बाईने पोराचे कान झाकले. ताई त्या टीव्हीच्या वीतभर पुढे उभी होती आणि तिची पापणीसुद्धा हलली नाही.

दाजींचा अंगठा रिमोटवर थांबला. मग त्यांनी आवाज पूर्ण बंद केला. पडद्यावर एक बाई रडून रडून काहीतरी सांगत होती, मुकी. ताई वाचतच होती. दाजींनी तिच्या खांद्याला हात लावला. ती वळली, मिशी हललेली तिला दिसली, आणि वहीतला आवाजाचा निकाल वाचलेला असल्यामुळे तिने अंदाजाने उत्तर दिलं.

"चांगला आहे की आवाज. तुम्ही उगाच नावं ठेवत होता."

विक्रेत्याने तोंड उघडलं, तर मी त्याच्या पायावर पाय दिला. जुळवून आणलेलं एकही वाक्य मला आठवेना. दाजी ताईकडे बघत होते, उभ्या दिव्यासमोर काच आल्यावर बघतात तसेच, न हलता. ही नजर मी ओळखत होते. मला वाटलं, आता खिशात हात जाणार.

हात खिशात गेला आणि पाकीट बाहेर आलं. "हाच द्या," ते विक्रेत्याला म्हणाले. तो गडबडला. काका, यात ठिपका आहे, तुम्हीच दाखवला होता, आत नवा खोकाबंद आहे, असं सांगायला लागला. दाजी म्हणाले, "माहीत आहे. हाच." आणि आपल्या रुमालाने काचेवरचं मेण पुसत बसले, निघेपर्यंत.

घरी परतताना मी मनात म्हटलं, बघा, एवढं कळूनही या दगडाला पाझर नाही. बायकोला धीराचे दोन शब्द द्यायचे सोडून उतरवलेल्या किमतीचा टीव्ही काखोटीला मारून चाललाय. रात्रभर मी त्यांना शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या दुकानातून तडक ताईकडे गेले, भांडायचंच म्हणून. दार उघडलं आणि मी चुकीच्या घरी आले असं वाटलं. समोर एक अनोळखी माणूस उभा होता. नाकाखाली, जुनं कॅलेंडर काढल्यावर भिंतीवर राहते तशी पांढरी जागा, तिच्यावर दोन ठिकाणी कापलेलं, आणि त्याखाली पातळ ओठ, जरा वाकडेच. इतकं सामान्य तोंड झाकायला एवढी मोठी मिशी लागत होती तर. मी चक्क हसले. दाजी बाजूला झाले.

आत नवा टीव्ही लावला होता, आवाज बंद ठेवून. खुर्च्या भिंतीपासून आठ फुटांवरच होत्या, पण एक वळवून दुसरीच्या समोर आणली होती आणि तिच्यावर दिव्याचा उजेड पडेल असा दिवा हलवला होता. त्या उजेडातल्या खुर्चीत दाजी जाऊन बसले. ताई समोर बसली होती. डोळे रडून सुजले होते आणि ती नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, पहिल्यांदा बघितल्यासारखी. पडद्यावर कोणीतरी भाषण देत होतं आणि तो ठिपका बरोबर त्याच्या गालावर बसला होता.

दाजींनी चेहरा उजेडात धरला आणि एकेक शब्द सुटा करत, ओठ पूर्ण उघडत ते बोलले.

"म्हटलं होतं ना, आवाज भिकार आहे. बंदच बरा. माझे डोळे दिवसभर काचेत जातात. काय म्हणतोय तो, ते तू वाचून दाखव मला."

ताईने पडद्याकडे बघितलं आणि मोठ्याने वाचायला लागली. मी स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेले. बसायला तिसरी खुर्ची नव्हतीच.