हात सोडा, मग रंग बसतो

तो स्प्रेचा डबा हलवला की आत गोटी वाजायची. रंग मारण्याआधी हलवून घ्यावा, असं डब्यावर लिहिलं होतं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, तर बायको म्हणाली, "हलवायचं काम माझ्या हाताला वेगळं सांगावं लागत नाय. द्या इकडं."

आणि हसली. मला मात्र लगेच हसता आलं नाही.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. तिच्याविषयी लिहायला बसलो की दवाखान्याचे दिवसच आधी पुढं येतात. आज ते बाजूला सारून मे महिन्यातली ती एकच दुपार लिहायची आहे. इतका आनंद आमच्या स्वयंपाकघरात पूर्वी कधी झाला असेल, तर तो मला आठवत नाही.

ती पिशोर गावची. लग्न होऊन शहरात आली तेव्हा केक तिनं दुकानाच्या काचेतूनच पाहिला होता. पुढं पन्नाशीत केकच्या एका वर्गात जाऊन शिकली आणि बघता बघता गल्लीतल्या प्रत्येक वाढदिवसाचा केक आमच्याकडून जाऊ लागला. क्रीमचे गुलाब ती असे काढायची की मुलं ते खायला तयार नसत. मग तिचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी औषध दिलं, पण थरथर पूर्ण जाणार नाही हेही सांगितलं. गुलाबाच्या पाकळ्या फाटू लागल्या. एका केकवर नाव लिहिताना अक्षरं अशी वाकडीतिकडी झाली की तिनं सुरीनं सगळं क्रीम खरवडून टाकलं. त्यानंतर ऑर्डरचा फोन आला की ती म्हणायची, "आता नाय करत हो."

समोरच्या घरातल्या बाईंना सगळे आपा म्हणत; त्यांची मुलगी मात्र ऐकेना. लहानपणापासून ती आमच्याकडंच खेळलेली. तिचा साखरपुडा, त्यांच्या भाषेत मंगनी, ठरला, मुलाकडची माणसं बिडकीनहून येणार होती, आणि तिनं त्या दिवशी घ्यायची ओढणी आणून बायकोच्या मांडीवर ठेवली. वरती पांढरी, खाली उतरत उतरत गडद जर्दाळू रंगाची.

"काकू, केक हुबेहूब असा पाहिजे."

"माझा हात बघितला का, पोरी?"

"हलतो तर हलू द्या ना. दुकानातला केक आणला तर मी कापणारच नाही, अम्मीला विचारा."

बायको त्या रात्री मला म्हणाली, "हा एक करते. हा बिघडला तर सगळं सामान त्या पोरीला देऊन टाकते. मग मला पुन्हा म्हणू नका." ती असं एकदा बोलली की तसंच करायची.

ओढणीचा तो उतरता रंग ब्रशनं जमणारा नव्हता. गुलमंडीजवळ केकच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथं विचारल्यावर दुकानदारानं खाण्याच्या रंगाचा स्प्रे काढून दिला. मी तो रुमालात गुंडाळून घरी आणला. उन्हात धरू नये, असं त्यावर लिहिलं होतं.

माझं आयुष्य महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलं. सूचना नीट वाचायची सवय. केक आधी फ्रीजमध्ये थंड करावा, वाचलं. वीतभर अंतर ठेवावं, वाचलं. पण कूलर बंद करावा असं कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि आमच्याकडं मे महिन्यात दुपारी कूलर बंद करायचं कुणाच्या मनातही येत नाही. तिनं आधी एका पालथ्या पातेल्यावर रंग मारून बघितला. खिडकीतल्या कूलरचा झोत आला आणि सगळा रंग वळून माझ्या तोंडावर, चष्म्यावर, बनियनवर बसला.

"अगं, अगं!"

"अहो, रंग काय छान बसलाय! आता तुम्हीच बसा त्या फिरत्या टर्नटेबलवर, केकचं काय काम?" तिला हसून हसून पाटावर बसावं लागलं.

कूलर बंद केला. खोली तापायला लागली. क्रीम वितळायच्या आत काम उरकायला हवं होतं. केक बाहेर काढला, शुभ्र, गुळगुळीत. तिनं डबा धरला आणि हात नेहमीसारखा थरथरू लागला. मला राहवलं नाही. मी मागून तिचं मनगट घट्ट धरलं. हात स्थिर झाला. तिनं बटण दाबलं. रंग एकाच जागी पडत राहिला आणि बघता बघता ओला ठिपका झाला, त्यातून एक ओघळ आमरसासारखा खाली उतरला.

तो ओघळ केकच्या अगदी समोरच्या बाजूला होता.

"सोडा हात," ती म्हणाली.

"अगं, पण हललं तर..."

"सोडा म्हणते ना."

सोडला. ती थोडी मागं सरली, डबा धरला आणि पुन्हा बटण दाबलं. हात थरथरत होता, डब्याचं तोंड डावी-उजवीकडं हलत होतं, आणि रंग एका जागी न पडता पसरत होता, पहाटेच्या धुक्यासारखा. ओघळाच्या कडा त्यात विरल्या. मग ओघळही दिसेना. खालची कड गडद, त्यावर फिकं, त्याहून फिकं, आणि वर कुठं पांढरं सुरू झालं ते बोट ठेवून सांगता आलं नसतं.

"फिरवा, फिरवा की! बघत काय बसलात?"

मी टर्नटेबल फिरवू लागलो. "हळू! लई जोरात नको!" ती ओरडत होती आणि मीही ओरडत होतो, "इकडं, इकडं राहिलं!" ग्रंथालयात उभा जन्म काढलेला माणूस मी, माझा तो आवाज ऐकून समोरून आपा दारात आल्या.

"क्या हुआ भाबी? सर क्यूं चिल्ला रहे?"

"केक करतेत ते," बायको म्हणाली.

मागून मुलगी आली. तिनं ओढणी केकशेजारी धरली, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग बायकोच्या गळ्यात पडली. बायको एका हातानं डबा उंच धरून म्हणत होती, "अगं, कपड्याला लागंल, सरक बाजूला!" आपांनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच मला म्हणाल्या, "सर, मुंह धो लो. मेहमान आने वाले हैं."

संध्याकाळी केक गेला. सामान देऊन टाकायची गोष्ट तिनं काढली नाही, मीही काढली नाही. ती ओट्याजवळ उभी राहून त्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होती.

"अहो," ती म्हणाली, "यात निळा पण मिळतो का हो?"

मी चपला घातल्या.