तीन नंबरचं बटण

"वायरला हात लावू नको!" धर्माकाका गच्चीवरून ओरडले, तेव्हा पाना माझ्या हातात होता आणि वायर बॅटरीवरून सुटलेली होती. ते ओरडणं असं, की मढच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांनी काठीवरच कूस बदलली. मी स्वतः पाहिलंय.

धर्माकाका आमचे शेजारी. उभा जन्म होडीवर गेला, पण जीव त्या जुनाट गाडीत. हिराकाकूंची मासळी मालाडच्या बाजारात न्यायला घेतलेली. तिच्यात धडधाकट माणूस बसला तर मालाडला सुकट होऊन उतरायचा. काकू गेल्या, मासळी थांबली, पण काका रोज दुपारी जेवून गाडीत जाऊन बसत. इंजिन बंद, काचा वर, रेडिओ चालू. तासभर. आत काय लागतं यावर गल्लीत पैजा लागायच्या. कुणी म्हणे भजनं, कुणी म्हणे बाजारभाव.

परिणाम ठरलेला. बॅटरी बसायची आणि गाडी ढकलायला अख्खी गल्ली. ढकलून ढकलून आमच्या गल्लीला चार बोटं उतार आलाय. हवं तर लिंबू ठेवून बघा. काका स्टिअरिंगवरून ज्ञान द्यायचे, "बॅटरी म्हणजे भरतीचं पाणी रे. ओसरताना कळत नाही, कळतं तेव्हा होडी गाळात." मेकॅनिक म्हणाला, मग निदान रात्री वायर तरी काढून ठेवा. त्यावर काका आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

आता काका नाहीत. दुपारी कुणी हाक मारत नाही, "या रे, दोन हात लावा." माझे हात मात्र अजून त्या वेळेला शिवशिवतात.

तर त्या दिवशीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना डोळे दाखवायला जायचं होतं. माझा गुडघा दुखत होता. म्हटलं, गुपचूप वायर काढू, बॅटरी टिकेल, सकाळी जोडून देऊ. पुण्यही पदरात, गुडघाही वाचला.

काका धापा टाकत खाली आले. त्यांनी स्वतः वायर जोडली, गाडीत बसले, रेडिओ लावला आणि तीन नंबरचं बटण दाबलं. एक मुलगी खदखदून हसत लिंक रोडवरच्या ट्रॅफिकची खबर देऊ लागली.

"बघा, झकास चालतोय की," मी म्हणालो.

काकांनी ते बटण परत दाबलं. मग परत. ती मुलगी हसतच होती.

"बॅटरी बसली तरी याच्यापुरती धुगधुगी उरते, पण वायर काढली की हा लावलेलं सगळं विसरतो," ते म्हणाले. "हे बटण हिरानं लावलं होतं. बाजारातून येताना. मला दुसऱ्या कुठल्या बटणाला हात लावू द्यायची नाही."

गुडघा बिडघा विसरून मी शेजारच्या सीटवर बसलो. म्हटलं, "काका, चुकलो. कुठलं स्टेशन होतं सांगा, आत्ता शोधून त्याच बटणावर लावून देतो."

काकांनी रेडिओ बंद केला.

"स्टेशन कधीच बंद पडलं रे," ते म्हणाले. "तिथं नुसती खरखर होती."