स्पीकरवरचा झेंडू

माझ्या एका रेकॉर्डविरुद्ध आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दोन तक्रारी झाल्या होत्या. परदेशी बँड, वीस मिनिटं एकच ठेका आणि त्यावर अवकाशयानासारखी घरघरणारी गिटार. दसऱ्याच्या सकाळी बेल वाजली तेव्हा वाटलं, तिसरी आली.

दारात खालच्या मजल्यावर आलेले पाहुणे होते. पांढऱ्या मिशा, हातात स्कूटरला वाहून उरलेले झेंडू.

"अहो, काय लावलंय हे?"

मी बंद करायला वळलो.

"बंद कुठे करताय? राहू द्या."

आत येऊन त्यांनी स्पीकरवर तळवा टेकला, डोळे मिटले आणि रेकॉर्ड संपेपर्यंत तसेच उभे राहिले. अंगठा तेवढा ठेक्यावर हलत होता.

"खडकीला फॅक्टरीत तीस वर्षं लेथ चालवलं," ते म्हणाले. "मशीनची तब्येत अशीच हात लावून कळते. हे कुठेही अडखळत नाही."

मग त्यांनी एक झेंडू स्पीकरवर ठेवला, नमस्कार केला आणि मला रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगून निघाले.

जिन्यात त्यांना तणतणत वर येणारे सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. पाहुण्यांचा आवाज मला घरात ऐकू आला.

"वर पूजा चाललीय. चपला बाहेर काढा."