ओलेगारिओंची शीळ

वाल्देमिरच्या गळ्यावर वस्तरा होता आणि सेऊ ओलेगारिओ, म्हणजे आमचे न्हावीकाका, शीळ घालत होते. दाढी करताना ते नेहमीच शीळ घालतात. घालतोय हे त्यांना कळतही नाही.

वाल्देमिरने डोळे उघडले.

"सेऊ ओलेगारिओ, हा शेवट कुठला?"

"कसला शेवट?"

"शिळेचा. ते सूर उतरले ना, पायरी उतरल्यासारखे."

वस्तरा थांबला. मी बाकावर कॉफी घेऊन बसले होते. आरशात मला ओलेगारिओंचा चेहरा दिसला. पांढराफटक पडला होता.

"रेडिओवर ऐकलं असेल."

"कुठल्या रेडिओवर? मलाही सांगा. माझ्या पाखरांना ऐकवतो." वाल्देमिर हसला. "आणि हात आवरा जरा. गळा माझा आहे."

आमच्या गावात पुरुष पिंजरा घेऊन फिरायला निघतात. रविवारी चौकात बिकुडो पक्ष्यांच्या गाण्याची शर्यत असते. पिंजऱ्यातले बिकुडो तबकडीवरून गाणं शिकतात, त्यामुळे सगळे एकच गातात. रानातला बिकुडो बापाकडून शिकतो. प्रत्येक पाणथळीतला शेवट वेगळा. रानातले संपले, असंच सगळे धरून चालले होते. तबकडीवर नसलेला शेवट कानावर पडला, की इथल्या कुणालाही एकच अर्थ कळतो. कुठेतरी एक उरला आहे.

वाल्देमिर रानातली पाखरं पकडून विकतो. त्याच्या गाडीत बंदूक असते. त्याची तक्रार करणाऱ्या माणसाचा गोठा गेल्या उन्हाळ्यात जळाला. कोणी जाळला, ते कोणी विचारलं नाही.

तरुणपणी ओलेगारिओही पकडायचे. भुलवायला आपला पाळलेला पक्षी न्यायचे, तो गायचा, रानातला भांडायला यायचा आणि सापळ्यात अडकायचा. मग एका मोसमात त्यांचा पक्षी दिवसभर गात राहिला आणि समोरून कोणीच उत्तर दिलं नाही. घरी येऊन त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडं टाकलं. पक्षी बाहेर पडला नाही. आतल्या दांडीवरच म्हातारा होऊन मेला.

त्यानंतर त्यांनी लग्नात फोटो काढणाऱ्या एकाकडून जुना कॅमेरा घेतला. दुकानातल्या आरशाभोवती त्यांनी काढलेले इवले इवले पक्षी चिकटवलेले आहेत. एकाही फोटोत क्षितिज नाही, ताड नाही, वाट नाही. नुसतं गवत. जागा ओळखता येऊ नये म्हणून. बिकुडोचा फोटो तर भिंतीवरही नाही. तो टॉवेलांखाली, खणात. मी शहरातून साहित्य शिकून आले, तेव्हा त्यांनी तो मला दाखवला. काळा कुळकुळीत नर, हस्तिदंती जाड चोच.

"याच्यावर काहीही लिहायचं नाही, पोरी," ते म्हणाले होते.

फोटोसाठी ते आडोशाला बसून त्याच पक्ष्याची शीळ घालत. हद्दीत कोण शिरलं, हे पाहायला नर येई आणि काडीवर बसे. मोसमभर तो असाच येत होता. फोटोत त्यांनी काही सुटू दिलं नव्हतं. शीळ मात्र ओठांवर राहून गेली.

वाल्देमिर उठला. दारात उभं राहून त्याने तो शेवट वाजवला. एकदाच ऐकलेला. एकही सूर चुकला नाही.

ओलेगारिओंनी भर दुपारी दुकान बंद केलं.

"आता हा प्रत्येक पाणथळीत जाऊन हेच वाजवेल. आणि माझा वेडा येईल. मीच सवय लावलीये त्याला, शीळ ऐकली की ये, काही होत नाही."

"पोलिसांना सांगू या?"

"कुठला पक्षी, कुठे असतो, विचारतील. मग आणखी चार कान वाढतील."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही पाणथळीत होतो. त्यांनी कॅमेरा आणला नव्हता. दाढीच्या पाण्याचं पत्र्याचं भांडं आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधतात ते पांढरं कापड आणलं होतं. गवताची पाती धारदार होती, हात ओरबाडत होती. पलीकडे कुठेतरी मादी अंड्यांवर बसलेली होती.

त्यांनी शीळ घातली. नर लगेच आला. हाताच्या अंतरावर, पिसं फुलवून बसला. ते त्याच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, त्यांना हे जमणार नाही.

मग ते कापड उडवत, भांडं बडवत, ओरडत उठले.

पक्षी दगडासारखा गवतात पडला. मेला, असंच मला वाटलं. मग दूर पंख फडफडले.

"पुन्हा," ते म्हणाले. स्वतःलाच.

पुन्हा शीळ. तो आला, जरा लांब बसला. पुन्हा भांडं. त्यांचा आवाज फुटत होता. मी म्हणाले, "बस करा, घरटं सोडून जाईल." ते म्हणाले, "तेही होईल कदाचित." आणि पुन्हा शीळ घातली. शेवटी शीळ संपली तरी गवत हललं नाही.

तेवढ्यात गाडीचा आवाज आला.

आम्ही छातीभर पाण्यात बसलो. त्यांनी भांडं पाण्याखाली दाबून धरलं. वाल्देमिरने ताडाला पिंजरा टांगला. त्याचा पक्षी तबकडीचं गाणं गायला. मग वाल्देमिरने शीळ घातली. हुबेहूब.

आमच्या समोरच, खालच्या काडीवर, नर बसला होता. त्याचा गळा हलला. ओलेगारिओंनी माझं मनगट घट्ट धरलं.

नर काडीवरून खाली घसरला आणि गवतात दिसेनासा झाला.

वाल्देमिर शीळ घालत राहिला. मग थांबला. बुटांचा आवाज पाण्यातून आमच्याकडे येऊ लागला.

"कोण आहे रे तिकडे? गवत तुडवलंय कोणी?"

माझे दात वाजत होते आणि ते त्याला ऐकू जातील, असं वाटत होतं. बराच वेळ त्याच्या सिगारेटचा वास येत राहिला. मग गाडी गेली.

शनिवारी तो पुन्हा दुकानात आला. खुर्चीत पाय पसरून बसला.

"सगळ्या पाणथळी पालथ्या घातल्या. कुठेच उत्तर नाही. शीळ घाला की, सेऊ ओलेगारिओ. दाढी अळणी लागते."

"दाढ पडलीये. वारा निसटतो."

बाकावरचे म्हातारे हसले. वाल्देमिरही हसला. वस्तरा गळ्यावर फिरू लागला. दुकानात फक्त त्याचा खरखर आवाज होता.

वाल्देमिर आरशात पाहत होता. आरशात ओलेगारिओंचे हात होते. बोटांपासून कोपरापर्यंत बारीक लाल ओरखडे.

"हे काय, वस्तऱ्याने कापलं?"

"हल्ली हात थरथरतो."

"जपा," वाल्देमिर म्हणाला. आणि सावकाश नजर फिरवत आरशातच बाकाकडे पाहू लागला.

मी माझे हात मांड्यांखाली घेतले.